जागृत देवस्थान, मुक्काम मँचेस्टर

१६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रज मुंबईहून रायगडावर आला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक तोंडावर होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराचा तह हवा होता. तह झाला, ६ जूनचा सोहळाही डोळे भरून पाहून झाला. हाल झाले ते पोटाचे. गडावर जेवायला खिचडी, वर तूप. दोन-चार दिवस कौतुकात गेले, मग इंग्रज पोट कुरकुरायला लागलं. महाराजांच्या कानावर घालून मटणाची सोय करवून घेतली आणि ही मूठभर मंडळी रोज अर्धा बकरा फस्त करू लागली. मटण पुरवणारा खाटीक शेवटी ही गिऱ्हाइकं दिसतात तरी कशी, हे बघायला मुद्दाम भेटीला आला. इतक्या वर्षांत त्याचा एवढा माल कधी खपला नव्हता! कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या प्रवासवर्णनात हा किस्सा आला आहे.

ऑक्झिंडेनच्या या भेटीची परतफेड व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. आता रायगडाच्या तालुक्यातले महाडकर मँचेस्टरला जातात आणि तिथलं गड-देवस्थान बघून येतात.

इथे जे काका-काकू येणार आहेत ते कुणी एक नव्हेत. महाडच्या कुठल्याही आळीत हाक मारली तर चार जोड्या ओटीवर येतील. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, काकूंचं माहेर पोलादपूर तालुक्यातलं, मुलगा इंजिनिअर होऊन परदेशी, सून नोकरीवाली आणि नातू फुटबॉलवेडा. सहा महिन्यांच्या व्हिसावर अशी जोडपी जातात तेव्हा बॅगेत कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, नाचणीचे पापड आणि आगळाची बाटली असते. ऑक्झिंडेनसारखी यजमानाच्या शिध्यावर भिस्त ठेवण्याची चूक महाडकर करत नाही.

पहिली फसगत नावाने होते. मुलगा फोनवर म्हणतो, “बाबा, शनिवारी तुम्हाला ओल्ड ट्रॅफर्ड दाखवतो.” काकांचा ऊर भरून येतो. ओल्ड ट्रॅफर्ड त्यांना न दाखवताही पाठ आहे. १९३६ साली विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली ती इथेच. १९५२ साली भारताचा डाव एकाच दिवसात दोनदा आटोपला, ५८ आणि ८२, तोही इथेच. १४ ऑगस्ट १९९० रोजी सतरा वर्षांच्या सचिनने नाबाद ११९ करून कसोटी वाचवली आणि २०१९ च्या जुलैत धोनी दोन बोटांनी धावचीत झाला, तेही हेच ठिकाण. त्या शेवटच्या प्रसंगाबद्दल काका अजून दोन दिवस बोलू शकतात. प्रत्यक्षात गाडी थांबते ती भलत्याच लाल इमारतीसमोर. क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड मागे, दहा-पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर राहिलेलं असतं. हे मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, फुटबॉलचं.

“एका गावात एका नावाची दोन मैदानं? कंडक्टरने तिकीट कुठलं फाडायचं?” काकांचा हा पहिला प्रश्न. नातवाकडे उत्तर नसतं. क्रिकेटचं मैदान १८५७ चं म्हणजे नाव खरं त्याचं, फुटबॉलवाले १९१० साली शेजारी राहायला आले, असा निवाडा काका जागच्या जागी देऊन टाकतात. नातू पुढचा अर्धा तास त्यांच्याशी बोलत नाही.

कंडक्टरला जगातली प्रत्येक गोष्ट गाड्यांत मोजायची सवय असते. मैदानात सुमारे ७४ हजार माणसं बसतात, असं वाटाड्या सांगतो तेव्हा बाकीचे पर्यटक ‘वा’ म्हणतात आणि काका डोळे मिटून भागाकार करतात. चव्वेचाळीसची गाडी धरली तर साधारण १,६८० गाड्या. गणपतीत मुंबईहून कोकणात जादा गाड्या सोडतात तसा हा बंदोबस्त दर दुसऱ्या आठवड्याला! गर्दीचा विक्रम तर त्याहून मोठा आहे, ७६,९६२. पण २५ मार्च १९३९ च्या त्या सामन्यात युनायटेडचा संघ मुळी नव्हताच. एफए कपची उपांत्य लढत होती, वुल्व्हज विरुद्ध ग्रिम्सबी. घर युनायटेडचं आणि घरातली सगळ्यात मोठी पंगत परक्याच्या लग्नाची. काकूंना हे अजिबात नवल वाटत नाही. त्यांच्या माहेरच्या पडवीतही सगळ्यात जास्त पानं उठली ती शेजारणीच्या मुलीच्या लग्नात.

वाटाड्याबद्दल मात्र काकांचं मत फार लवकर चांगलं होतं, आणि या बाबतीत महाडकराच्या मताला किंमत द्यायला हवी. रायगड महाड तालुक्यात. आलेल्या पाहुण्याला गडावर नेणं हा इथला प्रत्येक घराचा वार्षिक कर आहे. १९९६ साली रोपवे झाला म्हणून गुडघे वाचले, पण कान वाचले नाहीत. होळीच्या माळावर, टकमक टोकावर, हिरकणीच्या बुरुजाजवळ तीच गोष्ट त्याच जागी, त्याच आवाजात चाळीस वेळा ऐकलेला माणूस गाइड ऐकत नाही, तपासतो. बाजारपेठेतली जोती उंच का, तर घोड्यावर बसल्या बसल्या सौदा करता यावा म्हणून, हे वाक्य कुठल्या ठिकाणी थांबून म्हटलं की पुण्याची सहल ‘आई गं’ म्हणते, हे महाडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

नगारखान्याचा खेळ तर ठरलेला. दरवाजात एकाने कागद टरकवायचा आणि राजसदरेवर सिंहासनाच्या जागेपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्याने तो ऐकायचा. ऐकू येतोच. ओल्ड ट्रॅफर्डचा वाटाड्याही बोगद्याच्या तोंडाशी लोकांना दोन रांगांत उभं करतो, ध्वनिक्षेपकावर गर्दीचा आरडाओरडा सोडतो आणि मग मैदानाकडे चालायला सांगतो. पन्नाशीची माणसं छाती काढून, जबडे आवळून चालू लागतात. काकांच्या चालण्यात छाती कमी आणि भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचण्याचा सराव जास्त दिसतो. पण काम तेच. माणसाला जागेवर उभं करायचं, क्षणभर त्याला दुसरं कुणीतरी बनवायचं आणि बिदागीच्या आत परत आणून सोडायचं. “तयारीचा माणूस आहे,” काका म्हणतात. महाडमध्ये याहून मोठी पदवी नाही.

खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरताना काकू दारात थबकतात आणि चपला काढू लागतात. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. पण आत ओळीने टांगलेले लाल सदरे, समोर हात जोडल्यासारखे उभे लोक, कुजबुजत बोलणं आणि नातवाचे मिटलेले डोळे पाहून कुठलीही शहाणी बाई हेच करील. सून घाईघाईने सांगते, “आई, राहू दे, इथे चालतं.” काकूंना ते पटत नाही. दहा नंबरच्या सदऱ्याखाली एक परदेशी गृहस्थ टेकून फोटो काढून घेत असतात, त्यांच्याकडे त्या गाभाऱ्यात पाय पसरून बसलेल्या माणसाकडे बघावं तशा बघतात.

वस्तुसंग्रहालय उत्तरेच्या स्टँडमध्ये आहे. १९९८ च्या एप्रिलमध्ये खुद्द पेलेने त्याचं उद्घाटन केलं. आत शिरल्यावर काकांना पहिल्यांदा आपल्या ओळखीचं काहीतरी सापडतं. हा क्लब १८७८ साली न्यूटन हीथ या नावाने निघाला आणि काढला तो लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वॅगन खात्यातल्या कामगारांनी. “म्हणजे डेपोच्या वर्कशॉपवाल्यांची टीम!” काका एवढ्या मोठ्याने म्हणतात की जपानी पर्यटक मागे वळून बघतात. अब्जावधींचा व्यवहार, जगभर पसरलेले भक्त, आणि मुळाशी ग्रीस लागलेले हात. काकांना त्यांच्या वडिलांची आठवण येते. ते लालबागला गिरणीत होते. महाड-पोलादपूरच्या निम्म्या घरांचे कर्ते तेव्हा गिरणगावातच असत, आणि तिथले कित्येक साचे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे. ओल्डहॅम म्हणजे मँचेस्टरचं उपनगरच म्हणा. वडील आयुष्यभर ज्या गावच्या यंत्रापुढे उभे राहिले त्या गावात मुलगा फुटबॉलचे बूट बघतो आहे, असा हा हिशेब. तिकडच्या गिरण्या गेल्या आणि १९८२ च्या संपानंतर इकडच्याही. मुंबईत मफतलाल आणि ऑर्के मिल्सचे संघ कूपरेजवर उतरत, त्यांचंही नाव आता जुन्या लोकांच्याच तोंडी. काका काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहतात. काच पुसायची वेळ येते तेव्हा नातू त्यांना पुढे ढकलतो.

आणि मग येतो कुत्रा.

१९०२ च्या सुमाराला न्यूटन हीथ कर्जात बुडालेला होता. वर्षभर आधी पैसे उभे करायला एक बाजार भरवला होता. संघाचा कप्तान हॅरी स्टॅफर्ड याचा मेजर नावाचा सेंट बर्नार्ड कुत्रा गळ्यात पेटी अडकवून लोकांकडून नाणी गोळा करत फिरत असे. हे महाशय एके दिवशी हरवले. सापडले ते जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या दारूभट्टीच्या मालकाला. मुलीला कुत्रा आवडला, मालकाची कप्तानाशी ओळख झाली, आणि शेवटी या डेव्हिसनेच क्लबचं कर्ज फेडून त्याला मँचेस्टर युनायटेड हे नाव मिळवून दिलं. निदान गोष्ट अशी सांगतात. तपशिलावर अभ्यासकांचं एकमत नाही.

काका-काकू एकमेकांकडे बघतात. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे, त्यावरून आमच्याकडे गेली कित्येक वर्षं पुतळा हलवा, पुतळा ठेवा, पुरावा दाखवा असं चाललेलं असतं. तिकडच्या कुत्र्याचाही पुरावा मागणारे आहेत, हे कळल्यावर काकांना फार बरं वाटतं. “कुत्र्याशिवाय इतिहास नाही आणि कुत्र्यावरून भांडणाशिवाय इतिहासकार नाही,” असं ते जाहीर करतात. सून हळूच म्हणते, “बाबा, आवाज.”

पुढे चषक. १९९९ साली एकाच हंगामात मिळवलेले तीन, त्यांतला युरोपचा चषक बार्सिलोनात शेवटच्या मिनिटांच्याही नंतर, भरपाईच्या वेळेत दोन गोल करून हिसकावलेला. अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या १९८६ ते २०१३ या कारकिर्दीत एकूण ३८. चांदीची ही रास बघताना काकूंच्या मनात वेगळाच विचार असतो. यांना घासतं कोण? पोलादपूरकडच्या गावांत कबड्डीच्या मंडळाचे चषक देवळातल्या लोखंडी कपाटात असतात. मधल्या खणात कुणाच्या तरी स्मरणार्थ मिळालेला चार फुटी चषक आडवा घातलेला, कारण उभा मावत नाही. त्याच्या पोटात पालखीच्या दोऱ्या, कापूर आणि गेल्या वर्षीच्या पावतीपुस्तकाची अर्धुकं. किल्ली पुजाऱ्याकडे, पुजारी मुंबईला. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धेत तर चषकाची भानगडच नको म्हणून पहिलं बक्षीस बोकड ठेवतात. ते त्याच रात्री संपतं, घासायचा प्रश्न येत नाही. ऑक्झिंडेनच्या मंडळींना ही पद्धत नक्की आवडली असती.

म्युनिकच्या दालनाशी मात्र सगळ्यांचे आवाज उतरतात. ६ फेब्रुवारी १९५८ ला बेलग्रेडहून सामना खेळून परतताना संघाचं विमान म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. बहुतेक विशी-पंचविशीतले. बाहेर भिंतीवर एक घड्याळ आहे, त्यावर ती तारीख आणि म्युनिक एवढंच लिहिलं आहे. काकू त्या तेवीस नावांवरून बोट न लावता बोट फिरवतात. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून त्या प्रत्येक नावापाशी थांबतात. महाडच्या माणसाला तारखेचं घड्याळ समजावून सांगावं लागत नाही. २ ऑगस्ट २०१६, सावित्रीचा पूल कोसळला. २२ जुलै २०२१, पूर आणि तळीयेची दरड. या तारखा बाजारात कुणी मोठ्याने उच्चारत नाही. काका त्या दालनात एकही भागाकार करत नाहीत.

बाहेर मैदान दिसतं. हिरवं इतकं की खोटं वाटावं. हिरवळीवर पाय टाकायला सक्त मनाई, आणि ऊन कमी पडलं तर गवतावर दिव्यांच्या गाड्या आणून ठेवतात. भाताचं रोप उन्हाची वाट बघत शेतात तसंच उभं ठेवणाऱ्या काकूंना हे ऐकून गप्प बसवत नाही. “एवढ्या कौतुकाचं गवत, तर मग त्यावर अकरा अधिक अकरा गडी खिळ्याचे बूट घालून नाचवता कशाला?” प्रश्न बिनतोड आहे. मुलगा तो वाटाड्याला इंग्रजीत सांगत नाही.

दक्षिणेच्या स्टँडच्या मधोमध एक जुना बोगदा आहे, १९१० चा. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन बॉम्ब पडले तेव्हा स्टँड भुईसपाट झाले, जुन्यातलं टिकलं ते एवढंच. त्यानंतर १९४९ पर्यंत युनायटेडला आपले सामने मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळावे लागले. म्हणजे ज्या भाऊबंदांशी बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्यांच्याच ओटीवर आठ वर्षं पथारी! काकांना युद्ध समजतं, बॉम्ब समजतो, पण हे कसं निभावलं ते समजत नाही. त्यांच्या आळीत सामाईक विहिरीच्या रहाटावरून आठ दिवससुद्धा निभावत नाही.

त्याच दक्षिणेच्या स्टँडकडे बघून काका विचारतात, “ही बाजू बुटकी का?” कारण पाठीमागून रेल्वेचे रूळ गेले आहेत. हा स्टँड वाढवायचा तर रूळ आडवे येतात. महाडकराच्या जखमेवर हे मीठ आहे. कोकण रेल्वे झाली तेव्हा ती वीरवरून गेली, महाडच्या अंगणात आली नाही. इथे रेल्वे नको तिथे खांद्याला खांदा लावून उभी, आणि महाडला हवी तर रिक्षा करून वीरला जा. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय निघायची हीच वेळ असते, पण २०११ पासून चाललेलं ते काम मँचेस्टरमध्ये एका वाक्यात सांगता येणार नाही, हे ओळखून मुलगा पाण्याची बाटली पुढे करतो.

आणि शेवटी छप्पर. १२ मे २०२४ ला आर्सेनलविरुद्धचा सामना संपताना असा काही पाऊस झाला की ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून धबधबा सुटला. जगभर लोकांनी ती चित्रफीत बघितली. लोक हसले. महाड हसलं नाही. मँचेस्टरचा वर्षभराचा पाऊस महाडात एकट्या जुलैने मनावर घेतलं तर पडतो, त्यामुळे गळक्या छपराकडे इथे खिल्लीने नव्हे, तांत्रिक नजरेने बघतात. काकू मान वर करून पन्हळ कुठे तुंबत असेल याचा अंदाज बांधतात. पागोळी नीट उतरली पाहिजे, पत्र्याला उतार पाहिजे, खिळ्याच्या भोकाला डांबर पाहिजे. मे महिन्याच्या आत शाकारणी उरकली नाही तर दोष कुणाचा?

नातू सांगतो की २०२५ च्या मार्चमध्ये क्लबने शेजारीच एक लाख लोकांचं नवं मैदान बांधायचं जाहीर केलं आहे. आराखडा नॉर्मन फॉस्टर यांच्या मंडळींचा, आणि वर सगळ्याला झाकणारं प्रचंड छत, छत्रीसारखं. “छत्री!” काका समाधानाने म्हणतात. शंभराहून जास्त वर्षांनी का होईना, त्यांना कळलं. काकूंचा आक्षेप वेगळा आहे. छत्रीची काडी वाऱ्याने उलटते, आंबेनळी घाटात त्यांच्या तीन उलटल्या आहेत.

सगळी वाट अखेर दुकानात उतरते. देवळातून बाहेर पडताना प्रसादाच्या पेढ्याची दुकानं लागावीत तशीच आखणी. पेला, चावी, मोजे, उशी, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. मेजरच्या स्मृतीला हा शेवटचा मुजरा असावा. काका किमतीचे पौंड रुपयांत गुणतात आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवतात. काकू एक लाल स्कार्फ घेतात. लोकरीचा आहे, कानाला बरा, एवढंच त्यांचं कारण. त्यावरच्या अक्षरांशी त्यांना देणंघेणं नाही.

परतल्यावर महाडच्या चहाच्या टपरीवर काकांचं दौऱ्याचं वर्णन आठवडाभर चाललं तर नवल नाही. दुसऱ्या दिवसापासून १,६८० गाड्यांच्या दोन हजार होतात. कुत्रा वासरापेक्षा मोठा होतो. गाइडची गोष्ट अशीच पिकते, हे काकांना ठाऊक आहे, आणि आता ते स्वतःच गाइड आहेत.

स्कार्फ मात्र खरोखर कामाला येतो. पौषात पोलादपूरला पहाटे महाबळेश्वरचा गारठा घाट उतरून खाली येतो. काकू माहेराहून परतताना तो लाल पट्टा कानांवरून घट्ट आवळून स्टँडवर पहिल्या गाडीची वाट बघत उभ्या असतात. समोर मोबाइलवर रात्रीचे गोल बघत बसलेला एक कॉलेजातला पोरगा. अंगात आकाशी रंगाची जर्सी, म्हणजे भाऊबंदांच्या बाजूचा. तो स्कार्फकडे बघतो, काकूंकडे बघतो, पुन्हा स्कार्फकडे.

“काय काकू, तुमच्या टीमचं यंदा काही खरं नाही हं.”

काकू कानावरची गाठ सैल न करता त्याच्याकडे बघतात. “अरे बाबा, आधी छप्पर शाकारू दे की त्यांना.”

गाडी लागते. पोरगा उठून त्यांची पिशवी वर चढवून देतो.